बॅकअप येत नाही? आधी निदान करा



मधुमेह, रक्तदाब, डेंग्यू यांच्या रांगेत आज एक वेगळाच रुग्ण तपासायला घेतला आहे: वेबसाइटचा बॅकअप. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण पावसाळ्यात सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातून कोणी रात्री मोबाइलवर ‘साप चावल्यावर काय करू नये’ हे शोधत येतो, तेव्हा तो लेख जागेवर असायलाच हवा. ज्या डॉक्टरांची, शाळांची, दुकानदारांची स्वतःची वेबसाइट आहे, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

बॅकअपची किंमत किती, हे दिल्लीच्या एम्सने दाखवून दिले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि ओपीडीचे काम बरेच दिवस हाताने करावे लागले. पुढे डिसेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लोकसभेत सांगितले, की ई-हॉस्पिटलची माहिती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळवली. वेगळी ठेवलेली एक प्रत कामी आली.

आता आमच्या रुग्णाकडे वळू. माझी वेबसाइट भाड्याच्या सर्व्हरवर आहे. दर रविवारी रात्री तिची प्रत एफटीपीने दवाखान्यातील संगणकावर उतरते. दवाखान्याचे इंटरनेट कनेक्शन बदलले आणि प्रत येणे थांबले. लॉगिन व्हायचे, पण फाइलींची यादी येण्याआधीच काम अडकायचे. कोणी म्हणाले पासवर्ड बदला, कोणी म्हणाले सॉफ्टवेअर पुन्हा टाका. म्हणजे ताप आला की लावा सलाइन! निदान न करता दिलेला उपचार इथेही वाया जातो.

लक्षण नीट वाचा

पडद्यावर आलेला संदेश हेच लक्षण. तो जसाच्या तसा लिहून घ्या.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’: हाक मारली, पण उत्तरच आले नाही. पत्ता चुकला असेल, सर्व्हर बंद असेल किंवा वाटेत फायरवॉल अडवत असेल.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: घर सापडले, पण त्या दारावर कोणी नाही. पोर्ट तपासा. एफटीपीचा नेहमीचा पोर्ट २१, एसएफटीपीचा २२.

‘५३०’: लॉगिन नाकारले. नाव किंवा पासवर्ड चुकला. कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटली आहे का, हेही बघा.

‘५५०’: फाइल किंवा फोल्डर सापडत नाही, किंवा तिथे जायची परवानगी नाही.

‘५५२’: ठरलेली जागा भरली. जुन्या प्रती काढा.

‘४२५’, किंवा लॉगिन होऊन यादीवर अडकणे: माहितीची दुसरी जोडणी होत नाही. आमचा रुग्ण याच गटातला.

असे का होते?

एफटीपीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या आयआयटी कानपूरच्या माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतील एमआयटीमध्ये असताना लिहिला. त्या काळी जाळ्यातले संगणक मोजके होते, फायरवॉल नव्हत्या. एफटीपी दोन जोडण्या वापरते, एक आज्ञांसाठी आणि दुसरी फाइलींसाठी. ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर स्वतःहून तुमच्या संगणकाकडे करतो. आजचा राउटर अशा न बोलावलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवतो. ‘पॅसिव्ह’ पद्धतीत दोन्ही जोडण्या तुमच्याच बाजूने होतात, म्हणून अडथळा येत नाही.

मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहिले. तिथेही तसेच अडकले. म्हणजे दोष नुसत्या नव्या कनेक्शनचा नव्हता. सेटिंगमध्ये पॅसिव्ह निवडले आणि यादी लगेच आली.

पण तेवढ्यावर थांबलो नाही. साध्या एफटीपीत पासवर्ड आणि फाइली उघड्याच जातात. वाचक मला प्रश्न पाठवतात तेव्हा त्यांचे नाव, फोन नंबर आणि आजार त्याच डेटाबेसमध्ये नोंदला जातो. रुग्णाचे गुपित पोस्टकार्डावर लिहून पाठवावे, तसेच हे. म्हणून आता एसएफटीपी वापरतो. त्यात सगळे कुलूपबंद जाते आणि एकाच जोडणीत काम होते, त्यामुळे ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा घोळही उरत नाही. तुमचा सर्व्हर ही सोय देत असेल तर तीच घ्या.

बरे झाले, हे कसे ओळखाल?

पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नाही. तसेच, चुकीचा संदेश गेला म्हणजे बॅकअप मिळाला असे नाही. ‘यशस्वी’ लिहून येते आणि फाइल शून्य केबीची निघते, असेही घडते. म्हणून फाइलचा आकार आणि तारीख बघा. मग दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून वेबसाइट दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहा. लेख उघडले, चित्रे दिसली, जोडाक्षरे शाबूत आहेत, तरच तो बॅकअप खरा.

आणखी एक प्रत संगणकापासून वेगळ्या, एरवी जोडून न ठेवलेल्या हार्ड डिस्कवर ठेवा. संगणकात रॅन्समवेअर शिरले, तरी कपाटातली डिस्क सुरक्षित राहते.

तुमच्या वेबसाइटची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे आणि ती उघडते का? आज रात्री एवढे दोनच प्रश्न तपासा.