गुणाढ्याच्या गावी

ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले तो नागघाट ज्या गावात आजही बोटाने दाखविला जातो, आणि श्रीखंड्याच्या रूपाने प्रत्यक्ष भगवंताने नाथांच्या वाड्यात ज्या रांजणात कावडीने पाणी भरले तो रांजण नाथषष्ठीच्या सुमारास ज्या गावात भाविक आजही भरतात, त्या पैठणात माझे बालपण गेले. त्यामुळे अद्भुत ही जगाच्या पलीकडे कोठेतरी वसणारी वस्तू आहे, ही समजूत माझ्या मनात कधी रुजलीच नाही. आमच्याकडे अद्भुताला घाट होता, आळी होती, ओसरी होती. वडील निजामी अमलातील तहसील कचेरीत पेशकार होते. दिवसा घरात उर्दू दप्तराची, सनदांची आणि कैफियतींची भाषा कानी पडे, आणि सायंकाळी गोदावरीच्या घाटावर पुराणिकबुवांची. पुढे आयुष्यभर कल्पित राज्यांच्या कादंबऱ्या लिहिताना या दोहोंपैकी एकीवाचूनही माझे भागले नाही.

गुणाढ्याची कथा मला भेटली ती शाळेतील शास्त्रीबुवांच्या तोंडून. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1889 साली प्रसिद्ध केलेली, पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेली ‘कथासरित्सागरा’ची पोथी त्यांच्यापाशी होती, आणि तिच्यातील प्रतिष्ठान म्हणजे आपलेच पैठण, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येई. सातवाहन राजाच्या पदरी असलेला हा पंडित राजाला व्याकरण किती काळात शिकविता येईल या पैजेत हरला आणि पणाला लावलेल्या संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याग करून मुका झाला. मुक्यानेच तो विंध्यारण्यात गेला. तेथे पिशाचांची भाषा ऐकून शिकला, आणि काणभूती नावाच्या पिशाचाने सांगितलेली दिव्य कथा त्याने सात वर्षे खपून, अरण्यात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, 7 लक्ष श्लोकांत लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे नेली. पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून राजाने ती झिडकारली. तेव्हा गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटविले, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे आणि अग्नीत टाकावे असा क्रम धरला, आणि चरणे विसरलेली हरिणे, सांबरे, रानडुकरे त्याच्याभोवती अश्रू ढाळीत उभी राहिली.

बालपणी मला त्या कथेत केवळ ती हरिणे दिसत. तारुण्यात रक्ताची शाई मोठी वाटू लागली, आणि त्या वयाला ते साजेसेही होते. परंतु या कथेतील जो भाग मी गेली कित्येक वर्षे मनाशी घोळवीत आलो आहे तो याच्या पुढचा आहे. राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की शुष्क मांस खाल्ल्याने हा विकार जडला. बल्लवांना जाब विचारला गेला, त्यांनी पारध्यांवर बोट ठेवले, आणि पारध्यांनी सांगितले की अरण्यात कोणी एक ब्राह्मण पाने वाचून जाळीत आहे आणि सर्व प्राणी खाणेपिणे सोडून ऐकत असल्यामुळे त्यांच्या अंगावर मांस उरलेले नाही. काव्याचा प्रताप राजाच्या ताटापर्यंत असा पायरीपायरीने, साक्षीपुराव्यानिशी येऊन पोहोचतो! एक अशक्य गोष्ट मान्य केली की तिच्यामागून येणारी प्रत्येक गोष्ट कचेरीतल्या चौकशीइतकी काटेकोर असली पाहिजे, हा अद्भुत लेखनाचा सारा कायदा मी या एका प्रसंगापासून शिकलो. राजा धावत अरण्यात गेला तोवर 6 लक्ष श्लोक भस्म झाले होते. शिष्यांना विशेष आवडे म्हणून राखून ठेवलेली नरवाहनदत्ताची 1 लक्ष श्लोकांची कथा तेवढी वाचली.

जायकवाडीच्या धरणाची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली, त्या काळात मी भूसंपादनाच्या कामावर कारकून होतो. जी गावे पाण्याखाली जाणार त्यांच्या शिवारांतून आम्ही पंचनामे करीत हिंडत असू. घर धाब्याचे की कुडाचे, विहीर बांधीव की कच्ची, जमीन जिरायत की बागायत, बांधावर आंबे किती, लिंब किती, बाभळी किती, हे सर्व रकान्यांत उतरे आणि त्यावर मोबदल्याचा आकडा ठरे. एका विहिरीपाशी एक वृद्ध बाई बराच वेळ आमचे मोजमाप पाहत उभी होती. कागद मिटताना तिने विचारले, “सायेब, हिरीतल्या आसरायचं काय लिव्हलं?”

साती आसरांसाठी आमच्या नमुन्यात रकाना नव्हता, आणि तो असता तरी त्यांचा मोबदला कोणत्या दराने लावावयाचा, हे कोणास ठरविता आले असते? ज्या जलदेवतांना त्या घरातील प्रत्येक बाळंतिणीने हळदकुंकू वाहिले होते त्या या धरणामागील नाथसागराच्या अफाट पाण्यात कोठे गेल्या असतील, हा विचार माझ्या मनातून निघेना, आणि त्यातूनच माझी पहिली कादंबरी उभी राहिली. तिच्यातील राज्यात महसुली दप्तरात प्रत्येक विहिरीच्या नोंदीपुढे तिच्यातील दैवताचे नाव लिहिण्याचा रकाना आहे. दैवत निघून गेले तर गावाला सारामाफी मिळते, आणि ते खरोखरच गेले की गावकरी खोटे बोलत आहेत, याची तपासणी करणारा एक गिरदावर त्या कथेचा नायक आहे. धरणाविरुद्ध लिहावे असा माझा हेतू नव्हता. त्या पाण्याने भिजलेली शेते मी पाहिली आहेत, आणि तहानलेल्या मराठवाड्यात पाण्याला विरोध करण्याची छाती मला नाही. पण त्या बाईचा प्रश्न नमुन्याबाहेर राहिला होता, आणि तो कोठेतरी रुजू करून घेणे मला माझे कर्तव्य वाटले.

आमच्या टीकाकारांनी अशा लेखनाला पलायन म्हटले. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 सालची. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला घरातल्या दुःखांसमोर आणून बसविल्यानंतर त्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना वाङ्मयाचे पोरवय ठरविण्यात आले. हरिभाऊंचे ऋण मी मस्तकी धरतो, परंतु हा निवाडा मला मान्य नाही. सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचिला तो काश्मीरच्या राणी सूर्यवतीच्या मनोविनोदार्थ, आणि ते राजकुल पुत्र कलशाच्या वैराने आतून जळत होते. राजा अनंताने 1081 साली आत्मघात केला आणि राणी त्याच्यामागे सती गेली. अशा घरी त्या कथा वाचल्या जात असतील तेव्हा ऐकणारी काय विसरत होती आणि काय समजून घेत होती, हे मुंबई-पुण्याच्या परीक्षणांतून ठरावयाचे नाही. टोल्किन या इंग्रज कादंबरीकाराने 1939 साली स्कॉटलंडमध्ये दिलेल्या व्याख्यानात बंदिवानाची सुटका आणि शिपायाचे रणातून पळणे यांत भेद केला, तो मी वाचला तेव्हा मला आमच्या अरण्यातील तो मुका पंडित आठवला. राजसभा सोडून तो गेला खरा, पण रिकाम्या हाताने परतला नाही.

आज मराठीत अद्भुत लिहू पाहणारे तरुण माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हस्तलिखितांत बर्फाळ पर्वत आणि दगडी किल्ल्यांवरचे ड्रॅगन असतात. ते वर्ज्य करा असे मी म्हणत नाही. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की सोमदेवाचा कथापीठ हा पहिला लंबक आधी वाचावा, मग आपल्या तालुक्याचा जुना नकाशा समोर पसरावा, आणि त्यावर जी गावे आता नाहीत त्यांतील कोणी वृद्ध हयात असेल तर आजच्या आज त्याच्याकडे जाऊन बसावे.