पाच मिलिमीटरचं सूप

सत्त्याऐंशी या आकड्याशी माझी ओळख उतारवयात झाली. खेळण्यातली म्हणावी अशी पण खेळणं नसलेली जी छोटी रेल्वे असते, तिचं एक प्रचलित माप 'एचओ'. त्यात खऱ्या वस्तूच्या लांबी-रुंदी-उंचीला ८७ ने भागायचं. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो. सात फुटी दरवाजा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईने आता भागाकार करत बसावं, याची घरात बरीच थट्टा होते. असो.

हे वेड लागलं ते पुण्यात. कोथरूडला भाऊ जोशी यांचं लहान रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तिथे शाळेची सहल घेऊन गेले होते. मुलं धावणाऱ्या गाड्या बघत होती आणि मी रुळांच्या बाजूची घरं, दिवे, झाडं. तेव्हाच मनात आलं होतं की आपलं स्टेशन असं करता येईल का?

आपलं म्हणजे बार्शी लाइट रेल्वेवरचं. वडील बार्शी आणि लातूरच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर मास्तर होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ही अडीच फुटी रेल्वे १८९७ साली बार्शीला पोचली, १९११ मध्ये लातूरला. २००८ पर्यंत या भागातली अरुंद लाइन जाऊन तिथे रुंद रूळ आले. आमचं क्वार्टर तर त्याच्याही आधी पडलं. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचं. घराचा फोटो कोण काढणार?

निवृत्तीनंतर कंपास घेऊन बसले. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, पावणेनऊच्या आसपास. आणि बाजारात याच मापातले अरुंद रूळ ९ मिलिमीटरचे मिळतात! ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या जुन्या रेल्वे आहेत, त्यांच्या हौशी लोकांसाठी ते बनवतात. भाच्याने जर्मनीहून रूळ आणि एक इंजिन आणून दिलं. इंजिन अर्थात ऑस्ट्रियाचं. ते मी पाण्याच्या टाकीमागे अर्धं झाकून ठेवलंय. जाणकारांनी तिकडे फार बघू नये.

इंजिन विकत मिळतं, पण मराठवाड्याच्या हद्दीवरचं स्टेशन कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. छपराच्या पन्हाळी पत्र्याचं बघा. दोन पन्हाळींमधलं खरं अंतर तीन इंच धरलं, तर इथे ते एक मिलिमीटरही येत नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा लावला तर छप्पर उसाच्या सरींसारखं दिसेल. मग उवांची फणी घेतली, तिच्यावर चकचकीत पन्नी ठेवली आणि नखाने दाबत गेले. झाला पत्रा! वर गेरू आणि थोडी काजळी. रुळांखालच्या खडीला जाड रांगोळी. ती पसरून झाली की पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडायचं. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे ते वर गोळा न होता खाली झिरपतं. काळ्या मातीला वाळवून चाळलेला चहाचा चोथा. विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळल्या की बाभळीचं खोड तयार.

ही सगळी कारागिरी सांगून टाकली, कारण जमते सगळ्यांना. अवघड गोष्ट वेगळीच आहे. माझं टेबल चार फूट बाय दोन फूट. म्हणजे खरी जागा सुमारे १०६ मीटर बाय ५३ मीटर. स्टेशन, मालधक्का, विहीर, मारुतीचं देऊळ, क्वार्टर, सगळं त्यात बसत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं? मालधक्का सोडला. देवळाची फक्त पायरी आली, ती टेबलाच्या कडेला संपते. क्वार्टरचा ओटा मात्र पूर्ण मापाचा ठेवला.

आणि स्मरणशक्तीचं एक कळलं. "दारात मोठा कडुनिंब होता" हे आपण सत्तर वर्षं बिनधास्त सांगत असतो. पण टेबलावर निंब लावायचा म्हटलं की प्रश्न येतात. दारापासून किती अंतरावर? कुठल्या बाजूला? खोड अंगणात की कुंपणाबाहेर? आठवण या प्रश्नांना सामोरी न जाताच म्हातारी झालेली असते.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. दिवाळीत आला तेव्हा टेबलापाशी आमचा वाद पेटला. तो म्हणे निंब लातूरच्या बाजूला, नळाजवळ. मी म्हणे बार्शीच्या बाजूला. वहिनी म्हणाल्या, "आता भांडू नका, दोन्हीकडे लावा."

मग मी विचारलं, "दादा, आई धान्य कुठे निवडायची?"

"ओट्यावर. साडेचारची गाडी गेली की."

"उन्हात?"

"छे. सावलीत. निंबाची सावली असायची की ओट्यावर."

बार्शीची बाजू पश्चिमेची. मी खोलीतला दिवा मालवला आणि टेबल लँप उतरत्या उन्हासारखा तिरपा, पश्चिमेला धरला. निंब लातूरकडे ठेवला, सावली शेतात गेली. उचलून बार्शीकडे ठेवला, सावली बरोब्बर ओट्यावर येऊन बसली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तेवढ्या अंधारात, तेवढ्या उजेडात आमच्या घरची चार-साडेचारची वेळ झाली होती.

दादाने हार मानली नाहीच. नळाजवळ "काहीतरी झाड होतंच" म्हणाला. तिथे एक बाभूळ लावून तडजोड केली.

माणसांचं काय, असं तुम्ही विचाराल. विकत मिळणारी माणसं हॅट-कोटातली. वडील मी तारेवर एम-सील लावून केले, टोपीसकट, हातात झेंडी. आई करायला घेतली आणि थांबले. बसलेली बाई या मापात जेमतेम एक सेंटिमीटरची. लुगड्याचा रंग येईल, चेहरा येणार नाही. आणि चेहरा नसलेली आई मला ओट्यावर नको होती. मग तिचं नुसतं सूप केलं. वहीच्या पुठ्ठ्याचं, पाच मिलिमीटरचं. त्यात राळ्याएवढेसुद्धा दाणे मावेनात, म्हणून चिमटीभर हळद भुरभुरली.

दादाची नजर आता अधू झालीय. तो भिंग घेऊन एकेक वस्तू बघत ओट्यापर्यंत आला. सूप दिसलं. बराच वेळ भिंग तिथेच होतं. मग म्हणाला,

"आत गेलेली दिसतेय. चहा टाकायला."

काम अजून बाकी आहे. विहिरीचा रहाट व्हायचाय. नातेवाईकांपैकी कोणाला आमच्या क्वार्टरच्या मागच्या बाजूचं काही आठवत असेल तर फोन करा. खिडक्या एक की दोन, एवढं जरी सांगितलंत तरी पुरे. दादाचं आणि माझं अर्थातच एकमत नाही.