मुकें दुखणें

मोटारगाडी सर्व्हिसिंगला केव्हां टाकावी, या प्रश्नावर आमच्या शुक्रवार पेठेंत जितकीं घरें तितकीं मतें आहेत. कोणी म्हणतो, मीटर दहा हजारांनीं पुढें सरकला कीं टाकावी. कोणी म्हणतो, दसऱ्याला गाडीस हार घालावयाचा असतो, त्याच्या आदल्या आठवड्यांत टाकावी. आणि बहुसंख्य मंडळी असें मानतात कीं, गाडी जोंवर तक्रार करीत नाहीं तोंवर तिच्या वाटेस जाऊं नये. हें तिसरें मत आम्हांला सर्वांत धोक्याचें वाटतें, आणि तें सुशिक्षितांत अधिक आढळतें, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले.

गाडी तक्रार करीतच नाहीं असें नव्हे. कांहीं भागांना तर कारखानदारांनीं मुद्दाम वाचा दिलेली असते. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेक पॅडला पोलादाची एक लहानशी जीभ बसविलेली असते. पॅड झिजत झिजत ठराविक जाडीपर्यंत आला कीं ती जीभ फिरत्या तबकडीस घासूं लागते आणि कर्कश किंकाळी फोडते. टायरच्या खांचांतून रबराचे ठेंगणे उंचवटे असतात. नक्षी झिजून १.६ मिलिमीटर उरली कीं ते तिच्या बरोबरीस येतात. समोरच्या फळीवरील दिव्यांची भाषाहि शिकून घ्यावी. पिवळा दिवा म्हणजे गाडी लवकर दाखवून आणा. पण तेलाच्या चंबूचें चित्र असलेला तांबडा दिवा गाडी चालतांना लागला, तर इंजिनांतील तेलाचा दाब गेला असें समजून गाडी तत्काळ बाजूला घ्यावी व इंजिन बंद करावें. "घरापर्यंत तर जाईल," असें म्हणून उरलेलें अंतर काटणारे एक गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. गाडी घरापर्यंत गेली. पुढें कित्येक दिवस ती कोठेंच गेली नाहीं.

आमच्या शहराला एके काळीं गिरण्यांच्या भोंग्यावर उठण्याची संवय होती. त्या गिरण्या गेल्या, भोंगे गेले; परंतु भोंगा वाजल्यावांचून उठावयाचें नाहीं ही वृत्ति कायम आहे, आणि मोटारीच्या बाबतींत ती नडते. कारण जें दुखणें जिवावर बेतणारें, तें बहुधा मुकेंच असतें. ब्रेकच्या नळ्यांतील द्रवच पाहा. तो हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. पाणी मिसळलें कीं त्याचा उकळबिंदु खालीं येतो. पेठेच्या गल्लींत सायकलींच्या मागोमाग गाडी हांकणाऱ्यास हें जन्मांत कळणार नाहीं. पण तुळजापूरचें दर्शन घेऊन, गाडींत पांच माणसें आणि प्रसादाच्या पिशव्या भरून, घाट उतरतांना ब्रेकवर पुनःपुनः पाय पडतो; ब्रेक तापतात, आंतील द्रवाची वाफ होते. द्रव दाबला तर दाब पुढें चाकापर्यंत पोंचवितो. वाफ स्वतःच दबते. पाय तळाला टेकतो आणि गाडी धांवतच राहते. तोपर्यंत आवाज नाहीं, दिवा नाहीं. म्हणून हा द्रव साधारण दोन वर्षांनीं बदलावा असें पुष्कळ कारखानदार सांगतात, मग गाडी घरीं उभी कां असेना.

"आमची गाडी फिरतेच कोठें?" हा युक्तिवाद आम्हीं अनेक विद्वानांच्या तोंडून ऐकला आहे. सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेंत 'अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, यांपैकीं जें आधीं होईल तें' असें वाक्य असतें. आयुष्यभर व्याकरण शिकविणारे लोकहि 'किंवा'नंतरचा भाग सोडून देतात! पुढें बारीक टायपांत आणखी एक सूचना असते: धूळ, कडक ऊन, वारंवार थांबत केलेलें थोडें थोडें अंतर, अशी चाल असल्यास मुदत आणखी कमी धरावी. ती सूचना वाचतांना आम्हांला नेहमीं वाटतें कीं, लिहिणारा सोलापुरास राहून गेला असावा. घर ते मंडई या दीड किलोमीटरांत इंजिनांतील तेल पुरतें तापतच नाहीं. त्यांत शिरलेलें पाणी व अर्धवट जळलेलें पेट्रोल उडून जाण्यास अवसर मिळत नाहीं. धुळीनें हवेची जाळी भरते. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत दुखावलेली बॅटरी दगा देते ती जानेवारींत, गड्ड्याच्या दिवसांत, ऐन पहांटे. आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, गाडी किती पळाली ते मागनं सांगा, कशी पळाली ते आधी सांगा." निदानशास्त्राचें इतकें नेमकें सूत्र आम्हांला ग्रंथांत सांपडलें नाहीं.

नको तीं कामें गळ्यांत मारणारेहि असतात, हा लोकांचा संशय निराधार नाहीं. त्यावर उपाय म्हणजे पुस्तिकेचें पान उघडून त्यांतील काम तेवढें करून मागणें. गाडीच न नेणें हा उपाय नव्हे.

१८८८ सालीं बर्था बेंझ ही बाई नवऱ्यास न सांगतां, त्यानें तयार केलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फॉर्झहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. तिला पुस्तिका नव्हती आणि दिवेहि नव्हते; पण यंत्र उघडें होतें, त्याची प्रत्येक कुरकुर तिच्या कानीं पडत होती. आमच्या गाडीच्या कांचा वर, थंड हवा चालू आणि आंत गाणें लागलेलें. गाडी जितकी सुधारली तितके आम्ही बहिरे झालों. अशा बहिऱ्यांनीं निदान भिंतीवरील दिनदर्शिका तरी वाचावी.

येत्या नवरात्रापूर्वीं घरांतील वृद्ध मंडळींना तुळजापुरास न्यावयाचें आहे. गेल्या सर्व्हिसिंगपासून मीटर चार हजारहि सरकलेला नाहीं. वर्ष मात्र भरत आलें, आणि ब्रेकच्या द्रवाला दोन वर्षें झालीं. गाडी उत्तम चालते, कुठें हूं कीं चूं नाहीं. बुधवारीं ती मिस्त्र्यांकडे जाईल.