कावेरीकाठचा नाताळ

तंजावरपासून १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र आणि ‘ऐयारु’ म्हणजे पाच नद्या. संत त्यागराजांची समाधी याच गावी आहे. डिसेंबरच्या मध्यावर येथे तमिळ पंचांगातील मार्गळी महिना सुरू होतो. पहाटे अंगणात सडा पडतो, तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे ‘कोलम’, रेखली जाते आणि तिच्या मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोवले जाते. शिवारात भात डुलत असतो. पहाट सुखद असली तरी दुपारी पारा २८-२९ अंशांवर जातो. याच दिवसांत नाताळ येतो आणि ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदी चांदण्या झुलू लागतात.

गावातील एका बालवाडीच्या बाई तंजावरच्या मराठी कुटुंबातल्या. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापन केले. त्यानंतर जी मराठी घराणी कावेरीकाठी रुजली, त्यांतलेच हे एक. घरात अजूनही जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. दोन भाषांत वाढलेल्या बाईंना सर्वांचे सण आपले वाटत. बालवाडीत पोंगल होई, ईद होई, तसा नाताळही होई.

एका वर्षी बाईंनी नाताळाची तयारी मोठ्या हौसेने केली. पुस्तकातील चित्र समोर ठेवून हिरव्या कागदाचे सूचिपर्णी झाड उभे केले. त्याच्या फांद्यांवर कापूस पसरला आणि मुलांना सांगितले, “हा बर्फ.” मुले कोड्यात पडली. त्यांना ठाऊक असलेला बर्फ मासळीवाल्याच्या पेटीत असतो किंवा रसवंतीच्या पेल्यात. एका मुलाने कापसाला बोट लावून पाहिले आणि म्हटले, “मिस, हा तर गार नाही!”

मग नाताळबाबा आला. तमिळमध्ये त्याला ‘ख्रिसमस तात्ता’, म्हणजे नाताळचे आजोबा म्हणतात. शाळेच्या वृद्ध राखणदाराला लोकरीचा लाल अंगरखा, टोपी आणि कापसाची दाढी चढवली होती. दाढीतून घाम निथळू लागला. ते अनोळखी रूप पाहून दोन मुलांनी रडायला सुरुवात केली. तोच राखणदाराला भोवळ आली आणि ते मटकन पायरीवर बसले. बाई पाणी आणायला धावल्या. परत येऊन पाहतात, तो एक पाच वर्षांची मुलगी ताडाच्या पानाचा पंखा घेऊन आजोबांना वारा घालत होती. तिने त्यांची दाढी काढून बाजूला ठेवली होती. रडणारी मुलेही आता ओळखीचा चेहरा पाहून जवळ आली होती. खाऊची पिशवी कोपऱ्यात तशीच पडून होती.

राखणदार थोड्या वेळाने सावरले, हसलेही. पण बाईंच्या मनाला रुखरुख लागली. हौसेपायी एका म्हाताऱ्या माणसाला आपण उन्हात लोकर नेसवली, ती कोणासाठी? मुलांसाठी म्हणावे, तर मुले घाबरली होती. मग ती चित्रासाठीच होती की काय?

खरे पाहता येशूच्या जन्मकथेत बर्फ नाही, सूचिपर्णी झाडही नाही. शुभवर्तमानात आहेत ते मेंढपाळ, गव्हाण आणि धर्मशाळेत जागा न मिळालेले एक दांपत्य. जन्माची तारीखही तेथे दिलेली नाही. झाड सजवण्याची रीत जर्मनीची. नाताळबाबाचे मूळ चौथ्या शतकातील संत निकोलस यांच्यात आहे. ते आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथील धर्मगुरू होते. ज्या देशात सण गेला, त्या देशाचे ऋतुमान त्याने पांघरले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये नाताळ भर उन्हाळ्यात येतो. न्यूझीलंडमध्ये त्या दिवसांत लाल फुलांनी बहरणाऱ्या पोहुतुकावा वृक्षालाच लोक नाताळाचे झाड म्हणतात.

बालशिक्षणाचा मार्गही हाच आहे. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग असे नाव दिले. बागेतील रोप तेथल्याच मातीतून वाढते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा परदेशी साधनांच्या जागी शंख-शिंपले, पाने, बिया आणि माती हीच साधने केली. मूल जे हाताळते, त्यातूनच ते न पाहिलेल्या गोष्टींकडे जाते.

पुढच्या वर्षी बाईंनी कापूस आणला नाही. मुलांनी कावेरीकाठची माती मळून गोठा केला आणि त्यावर भाताच्या पेंढ्याचे छप्पर घातले. नवरात्रात घरोघरी मांडल्या जाणाऱ्या ‘गोलू’तील मातीची गाय आणि गवळी तेथे येऊन उभे राहिले. दारात कोलम निघाले, त्यावर भोपळ्याचे फूल आले. राखणदार या वेळी आपल्या नेहमीच्या पांढऱ्या वेष्टीतच, खांद्यावर लाल उपरणे टाकून आले. या तात्तांना पाहून कोणी रडले नाही.

बाईंनी गोष्ट सांगितली. मरिया आणि योसेफ यांना रात्री कोठेच जागा मिळाली नाही, हे ऐकताच एक मुलगा उठून म्हणाला, “आमच्या घराला तिण्णै आहे. तिथे का नाही आले?” ‘तिण्णै’ म्हणजे घराबाहेरचा ओटा, जुन्या काळी वाटसरू तेथे निःसंकोच विसावत. मग कोणी इडली देऊ केली, कोणी आजीची चटई. एरवी गप्प असणारा एक मुलगा हळूच म्हणाला, “आम्ही गोठ्याजवळच निजतो. तिथे फार उकडतं. बाळाला वारा घालायला हवा.” तो उठला आणि ताडाचा पंखा आणून त्याने गव्हाणीशी ठेवला.

परक्या माणसाला जवळ करण्याची रीत या प्रदेशाला नवी नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांचे बालपणीचे पालक आणि शिक्षक होते जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. सरफोजी आपल्या धर्मातच राहिले. पण गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूजवळ उभा असलेला शिष्य त्यात दिसतो. तंजावरच्या शिवगंगा बागेतील चर्चमध्ये ते आजही आहे.

बालवाडीतील मुलांना हा इतिहास ठाऊक नव्हता. सुटी लागण्यापूर्वी बाई गव्हाणीतील सामान आवरू लागल्या. गाय, गवळी आणि बाळ त्यांनी पेटीत ठेवले. पंखा मात्र त्यांनी राखणदारांच्या खुर्चीवर नेऊन ठेवला.