दोन पानं एकदम

द्वारकेला रस्ता ओलांडायचा म्हणजे माणसाला दोन्हीकडे एकदम बघता आलं पाहिजे. (द्वारका म्हणजे नाशिकची. आमच्याकडे समुद्र नाही. त्याची उणीव मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता मिळून भरून काढतात.) उजवीकडे बघावं तर डावीकडून टेंपो येतो, डावीकडे बघावं तर उजवीकडून रिक्षा. वीस वर्षं हा सराव केलेल्या माणसाला हिशेबाची दोन पानं एकदम बघणं जड जाऊ नये, अशी माझी समजूत होती. सोसायटीचा खजिनदार झालो आणि ती गेली.

बँकेतून निवृत्त झालेला माणूस राहायला आला की सोसायटी त्याला आधी खजिनदार करते आणि मग आडनाव विचारते. आधीचे खजिनदार तिसऱ्या मजल्यावरचे. अकरा वर्षं त्यांनी लाल वहीत, मोत्यासारख्या अक्षरात हिशेब ठेवला. मी पदावर येताच त्यांच्या शेवटच्या वर्षाची वही उत्साहाने कॉम्प्युटरवर चढवली. एका शीटवर वही, दुसऱ्या शीटवर बँकेचा उतारा. बेरीज केली, तर वहीप्रमाणे बँकेत जेवढे हवेत त्यापेक्षा ६,३०० रुपये कमी!

सभेत मी एवढंच म्हणालो, "जरा फरक येतोय." पण सभेतले लोक फरकाकडे बघत नाहीत, वही ज्याच्या हातात होती त्याच्याकडे बघतात. तिसऱ्या मजल्याने समोरच्या कागदावर काहीतरी आकडेमोड केली, चष्मा पुसला आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात लोक त्यांची चौकशी जरा जास्तच गोडीने करू लागले. मला झोप लागेना.

बँकेत असताना हे सोपं होतं. दोन्ही वह्या टेबलावर उघड्या. एकाने आकडा पुकारायचा, दुसऱ्याने टिक मारायची. कॉम्प्युटरवर एक शीट दिसली की दुसरी अंतर्धान पावते. आकडा मनात धरून या शीटवरून त्या शीटवर जायचं, म्हणजे चमच्यात लिंबू घेऊन धावणं. दारावरची बेल वाजली की लिंबू पडलंच. शेवटी हिला पुकारायला बसवलं. ती प्रत्येक आकड्यानंतर थांबायची. "गच्चीच्या कुलपाला साडेतीनशे?" त्या संध्याकाळी नऊ नोंदी तपासून झाल्या आणि तीन भांडणं.

सुटका केली पहिल्या मजल्यावरच्या बी.कॉम.च्या मुलीने. "काका, व्ह्यूमध्ये जाऊन न्यू विंडो करा ना!" केलं. तर तीच फाइल आणखी एका खिडकीत हजर! "यातली खरी कुठली?" "दोन्ही खऱ्याच. इथे बदललंत की तिथेही बदलेल." मला एकदम नारद आठवले. ते द्वारकेत गेले तेव्हा ज्या महालात डोकवावं त्या महालात श्रीकृष्ण हजर, आणि प्रत्येक ठिकाणी खराच. पुराणातला आकडा १६,१०८ राण्यांचा. एक्सेलच्या शीटला रकाने १६,३८४. म्हणजे प्रत्येक राणीला एक देऊन वर २७६ उरतात.

मग तिने 'व्ह्यू साइड बाय साइड' दाबलं. नाव शेजारी-शेजारी, आणि खिडक्या आल्या एकीवर एक. थेट आमचा उड्डाणपूल! वरून धुळ्याच्या गाड्या सुसाट आणि खाली आपण सिग्नलला. 'अरेंज ऑल'मध्ये जाऊन 'व्हर्टिकल' म्हटल्यावर मात्र दोन्ही गुण्यागोविंदाने शेजारी बसल्या. डावीकडे वही, उजवीकडे बँक. आणि 'सिंक्रोनस स्क्रोलिंग' चालू असलं की एक सरकवली तर दुसरी आपोआप सरकते. चाळीस वर्षांच्या संसारात मला हे जमलेलं नाही. मधे बँकेने स्वतःच्या चार्जेसची एखादी ओळ घुसवली की जोडी ढळते. मग ते बंद करायचं, ओळीला ओळ लावून घ्यायची आणि पुन्हा चालू करायचं.

ही युक्ती नवीही नाही म्हणे. १९७९ साली ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क आणलं. त्याच्या शीटला ओळी २५४ आणि रकाने ६३. पण तेव्हासुद्धा पडदा दुभागून दोन्ही भाग बरोबर सरकवता येत. एका फाइलीत अनेक शीटांची सोय एक्सेलमध्ये १९९३ साली आली. तेव्हापासून माझ्यासारख्यांची लिंबं पडताहेत.

पंधराव्या मिनिटाला सापडलं. पाण्याची मोटर भरून आणली त्याचा चेक. उजवीकडे ८,१५०. डावीकडे १,८५०. धावत जाऊन लाल वही उघडली. तिथे मोत्यासारख्या अक्षरात ८,१५०. उलटं टाइप करणारा हात माझा.

जिन्याच्या पायऱ्या इतक्या जड कधी झाल्या नव्हत्या. त्यांनीच दार उघडलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"बसा तर खरं," ते म्हणाले. "६,३०० ला नऊने भाग जातो. फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल शोधायची, हे तुमच्या बँकेत शिकवत नव्हते का?"

शिकवत होते. पहिल्याच महिन्यात.

"म्हणजे तुम्हाला सभेतच कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर? तुम्ही नवीन खजिनदार. पहिलीच सभा तुमची." त्यांनी आत चहा सांगितला. "आता पुढच्या सभेत तुम्हीच सांगा."

सभा रविवारी आहे. हिने आत्तापासून पुढच्या रांगेत बसायचं ठरवलंय.