हिरवळीपेक्षा फरशी महत्त्वाची
आमच्या हिंगण्याची काळी माती वैशाखात भेगाळते. पाणी मिळताच फुगून भेगा मिटवते आणि मग थेंब मुरायलाही वेळ घेते. स्मार्ट स्प्रिंकलरला हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. मातीच्या प्रकारात चिकणमाती निवडावी आणि सलग वीस मिनिटांऐवजी पाच-पाच मिनिटांचे चार फेरे, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देऊन ठेवावेत. एरवी पाणी फरशीवर वाहते, आणि सकाळी फिरायला निघालेल्या वडीलधाऱ्यांचा पाय तिथेच घसरतो. गवत पुन्हा उगवते. खुब्याचे हाड मात्र म्हातारपणी सहजी सांधत नाही. मातीत पेचकस खुपसून पाहा. अलगद शिरला तर त्या दिवशी पाणी नको. मृग बरसल्यावर उन्हाळी वेळापत्रक बदला, कारण साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. शेवटचा फेरा आई-बाबांच्या फेरफटक्याआधी तासभर तरी संपलेला असावा.