उंदीर वाचला, म्हणून?

"डॉक्टर, या चूर्णाने बीटा पेशी वाचतात, सिद्ध झालंय," असं म्हणत रुग्ण माझ्यापुढे मोबाइल धरतात. प्रयोग खोटाच असतो असं नाही. पण तो बहुधा उंदरावरचा असतो.

स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन ग्लुकोजसारखं दिसतं. उंदराच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी त्याला ग्लुकोजच्याच दाराने आत घेतात. ते डीएनए तोडतं, दुरुस्तीत पेशीचा एनएडीचा साठा संपतो आणि पेशी मरते. वेळेत निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) दिलं, तर बऱ्याच पेशी वाचतात.

मग माणसांतही करून पाहिलं. टाइप १ मधुमेहाचा धोका असलेल्या, रुग्णांच्या ५५२ नातेवाइकांना पाच वर्षं निकोटिनामाइड किंवा औषध नसलेली गोळी दिली. २००४ साली निकाल आला. मधुमेह झाला औषधवाल्यांत ८२ जणांना, दुसऱ्या गटात ७७ जणांना! टाइप १ मध्ये हल्ला रसायनाचा नसतोच. आपलीच प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं पेशी मारत असते.

चूर्णाच्या भरवशावर इन्सुलिन बंद केलेली मुलं मी आयसीयूत पाहिली आहेत. एक-दोन दिवसही पुरतात. उलट्या, पोटदुखी, धाप दिसली तर थेट रुग्णालय गाठा.